हिल्डेआत्याची तब्येत

झिंडेलफिंगेन,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आईंना,
वीणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आणि मेतकूट दोन्ही मिळालं. मेतकूट इथल्या कस्टमवाल्यांनी उघडून हुंगलेलं दिसतं, कारण पुडीला तुमच्या दोऱ्याऐवजी त्यांची चिकटपट्टी होती. बिचाऱ्यांना शिंका आल्या असतील. ईप्सिताने भातावर घालून खाल्लं आणि जर्मनमध्ये का होईना, पण छान म्हणाली. तुमचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? अहो आई, ते आलं तरी फोनवर शिट्टीच मारणार असेल तर आपली पत्रंच बरी. रविवारी व्हिडिओवर तुम्ही नुसत्या आमच्या तोंडाकडे बघत बसता, त्यापेक्षा इथे पोटभर बोलता येतं.

आधी चांगली बातमी. हृषिकेशच्या कंपनीत दरवर्षी सगळ्यांना विचारतात, कामात समाधान आहे का, साहेब कसा आहे वगैरे. कोणी काय लिहिलं ते कळत नाही, त्यामुळे लोक हातचं न राखता लिहितात. यंदा अख्ख्या कंपनीत त्याचा गट पहिला आला. गाड्यांच्या दारांची कुलपं तपासण्याचं काम ते, त्यात समाधान कसलं डोंबलाचं, असं मलाही वाटायचं. पण सगळं श्रेय हिल्डेआत्याला आहे. ही आत्या म्हणजे त्यांच्या मजल्यावरचं कॉफीचं जुनं यंत्र. हृषिकेशने तिचं बारसं केलं आणि रोज सकाळी तिच्या तब्येतीचं एक पत्रक तो तिच्यावर चिकटवतो. आत्यांना काल पाझर फुटला, आज आत्यांनी दूध सोडलं, भेटायला येणाऱ्यांनी मोठ्याने बोलू नये. जर्मन लोक ते वाचायला दहा मिनिटं लवकर येतात म्हणे! गेल्या फाशिंगला, म्हणजे इथल्या शिमग्याला, त्याने कंपनीच्या खऱ्या पाकिटात घालून आत्यांना सेवानिवृत्तीची नोटीस दिली आणि ते पाकीट तिच्यावरच चिकटवलं. चेहरा इतका कोरा ठेवला होता की दोन माणसं खरंच नवं यंत्र कधी येणार म्हणून विचारून गेली. त्याच्या गटातल्या फ्राऊ त्सोलर मला बाजारात भेटल्या, तर म्हणाल्या की पूर्वी रविवारी संध्याकाळपासून त्यांचं पोट दुखायला लागायचं, हृषिकेश साहेब झाल्यापासून ते थांबलं.

आता दुसरी बातमी. ती मला चांगली वाटत नाही, पण तो चांगली म्हणतो. कंपनीची कामं कमी झाली आहेत. काही लोकांना घरी पाठवणार, काहींना एर्लांगेनजवळच्या दुसऱ्या शाखेत हलवणार. वरचे डॉ. वेंट म्हणून आहेत, त्यांनी हृषिकेशला बोलावून सांगितलं की लोकांना हे सांगायचं काम तुझ्याइतकं हलक्या हाताने कोणी करणार नाही, तुझ्या गटापासून सुरुवात कर. त्याने होकार दिला. म्हणाला, कुणीतरी सांगणारच, तर निदान हसतखेळत सांगितलं जाईल.

तेव्हापासून घरी मात्र तो रिकामा होऊन येतो आणि गप्प बसतो. दिवसभराचं सगळं तिकडेच वाटून येतो बहुतेक. आम्हाला वाटायला काही उरत नाही. ईप्सिताने परवा विचारलं, पापा आजारी आहे का? मी नाही म्हटलं.

तुम्हाला काळजीत टाकायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला लिहू? उत्तराची वाट बघते. माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
वीणा


सांगली,
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. वीणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. कानाचं यंत्र आलं. आता ते शिट्टी मारत नाही, घरघर करतं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता मलाच कोणी जोडून देत नाही. शेजारची कुंदा येते म्हणून व्हिडिओ तरी लागतो. आम्ही दोघींनी एकाच बोर्डावर नोकरी केली, त्यामुळे तिचे हात अजून बटणं दाबायला शिवशिवतात.

तू लिहिलंस ते मला आधीच कळलं होतं. ऐकू येत नसलं की माणूस बघायला शिकतं. हृषी खरा हसला की त्याचे कान मागे सरकतात, अगदी पाळण्यात होता तेव्हापासून. गेले तीन रविवार तोंड हसतंय आणि कान जागच्या जागी आहेत. तू ते बघत जा म्हणजे तुला विचारावं लागणार नाही.

त्याचा गट पहिला आला याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आमचे कारखानीस साहेबही असेच होते. ट्रंक कॉलची गर्दी असली की आमच्या पाठीमागे उभे राहून घायकुतीला आलेल्या व्यापाऱ्यांच्या नकला करायचे. हळदीचा भाव कळल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असे ते व्यापारी. आम्ही हसून लोळायचो आणि हात मात्र चालू. पगार सगळीकडे सारखाच होता, पण बदली मागून आमच्याकडे यायला बायका तयार असायच्या. साहेब हसरा असला तर कामाचं ओझं निम्मं होतं, हे मी अनुभवाने सांगते.

पण लोकांना घरी पाठवायचं काम हसऱ्यालाच का दिलं, याचा विचार हृषीने केला आहे का? कडू औषध गुळातून देतात, ते रोग्याच्या भल्यासाठी. इथे भलं कुणाचं होतंय? त्याला म्हणावं, आईला स्वतः एक पत्र लिही. व्हिडिओवर मी त्याला धरू शकत नाही, कागदावर धरीन.

ईप्सितासाठी तिळाच्या वड्या पाठवते आहे. त्याही हुंगतील, हुंगू देत. सर्वांना आशीर्वाद. आठवण ठेवता, ती तशीच ठेवा.

तुझी,
आई


झिंडेलफिंगेन,
२६ जानेवारी २०२५

ती. आईस,
हृषिकेशचा सा. न. वि. वि.

समन्स मिळालं. आरोपी हजर आहे. तू आणि वीणा मिळून माझ्या कानांवर पहारा ठेवता हे समजल्यापासून मी टोपी घालून बसतो. थंडीही आहे, त्यामुळे संशय येत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हसऱ्याला हे काम दिलं, कारण कोरड्या माणसाने केलं की काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. शेजारच्या विभागात एका साहेबाने कागद वाचून दाखवला आणि समोरच्या बाईला चक्कर आली. माझ्याकडे अजून कुणाला चक्कर आलेली नाही. मी आधी कॉफी देतो, मग हिल्डेआत्याचं काहीतरी सांगतो, माणूस जरा सैल झाला की मधेच मुद्दा सरकवतो आणि पुन्हा गमतीवर येतो. दार उघडून बाहेर पडताना ते माझे आभार मानतात. आई, खरंच मानतात. आता इतर विभागांची माणसंही माझ्याकडे पाठवायला लागले आहेत. परिणाम एवढाच की मी कुणाला नुसती नावाने हाक मारली तरी त्याचा चेहरा पांढरा पडतो. त्यावरही मी एक पत्रक काढलं, ते बरंच गाजलं.

सगळ्यात कठीण जाणार होता उवे ब्रांडल. चाचणीच्या यंत्रावरचा आमचा सगळ्यात जुना माणूस, साठीला टेकलेला. जाडजूड, अबोल, पण माझ्या प्रत्येक विनोदाला पहिला हसणारा तोच. त्याला एर्लांगेनजवळच्या शाखेत जागा देऊ केली होती. तिकडे दवाखान्यांच्या पलंगांचे भाग बनतात. जायचं असेल तर तसं लिहून कळवायचं, नाहीतर नोकरी संपली. त्याची मुलगी तिकडेच न्युर्नबर्गला असते, तेव्हा जागा त्याच्या सोयीचीच. तरी इतक्या वर्षांनी घर हलवायचं म्हणजे मलाच कसंतरी होत होतं. म्हणून मी सुरुवात केली की हिल्डेआत्याला एर्लांगेनहून स्थळ सांगून आलं आहे, पण पाठराखणीला उवे हवा असा तिचा हट्ट आहे. तो असा हसला की खुर्ची करकरली. मग मी त्याला कंपनीचं पाकीट दिलं आणि म्हटलं, आत्याची पत्रिका आहे, नीट वाच. तो अजूनच हसला. आणि पुढचं ऐक, पठ्ठ्याने बाहेर जाऊन ते पाकीट हिल्डेवरच चिकटवलं, मी फाशिंगला चिकटवलं होतं अगदी तसंच! इतका धीराचा माणूस मी पाहिला नाही. आम्ही दोघे तिथेच उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ते पाकीट अजून तिथेच आहे. येता-जाता मला त्याच्याकडे बघून बरं वाटतं.

तेव्हा आई, काळजी करू नकोस. झोप जरा कमी झाली आहे, ती उन्हाळ्यात भरून काढीन. तिळाच्या वड्या पोचल्या. ईप्सिता आणि मी त्या वीणापासून लपवून खातो. तुझा राग असेल तर कागदावरच राहू दे, लोभ मात्र इकडे पाठवत जा.

तुझा,
हृषी


सांगली,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. हृषिकेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कुंदाने आणि मी दोनदा वाचलं. तिला हसू आलं. मला नाही आलं.

मागे वीणाला कारखानीस साहेबांचं अर्धंच लिहिलं होतं, आज पुरं करते. स्वयंचलित एक्स्चेंज आलं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या बदल्या निघाल्या. कुणी जतला, कुणी आटपाडीला. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, तशात हे. साहेबांनी एकेकीला खोलीत बोलावलं. बाई आत जाताना आपली हसतच जायची, कारण त्या खोलीत दुसरं काही कधी झालंच नव्हतं. साहेब त्या दिवशी लाकडासारखे बसले होते. नकला नाहीत, हसू नाही. हुकूम मोठ्याने वाचून दाखवला. मग आम्हाला तो मोठ्याने वाचायला लावला. काय कळलं ते सांगायला लावलं. मग चहा मागवला आणि आमचं रडणं संपेपर्यंत एक शब्द न बोलता समोर बसून राहिले. कुंदा तेव्हा भयंकर चिडली होती. वर्षभर हसवणारा माणूस आज दगड झाला, म्हणाली. पुढे आटपाडीच्या एसटीत तिला उमगलं की साहेब तसे वागले नसते, तर तिने ते निम्मंच खरं मानलं असतं आणि मागे कुणीतरी गंमत केली असेल या आशेवर आठवडा काढला असता.

हृषी, साहेब हसला की खालच्या माणसाला हसावंच लागतं. ते हसू त्याच्या मनातलं आहे की तुझ्यासाठी काढलेलं आहे, हे तुला कळायचं नाही. साहेबाच्या खुर्चीवर बसल्यावर ते कुणालाच कळत नाही. ज्याचं काही गेलं त्याला जरा वाईट वाटून घेऊ दे. तेवढा त्याचा हक्क आहे. तू तो गमतीजमतीत काढून घेतोस आणि वर आभारही मानून घेतोस. हे तुझ्या डॉ. वेंटला सोयीचं आहे. तुला ते बाधतंय, म्हणून झोप नाही.

आणि एक विचारते, चुकत असेन तर म्हातारीला हस. त्या ब्रांडलने पाकीट फोडलं होतं का रे? तू लिहितोस तो धीर आहे. मला वाटतं, त्याला काही कळलेलंच नाही. आत्याची पत्रिका म्हणून दिलीस, त्याने आत्याला नेऊन दिली. आधी खोटं पाकीट देणारा तूच ना? हे पत्र मिळाल्याबरोबर जा आणि बघ.

रागाने लिहिलं नाही. तुझे कान हलताना पुन्हा बघायचे आहेत, तोवर डोळे शाबूत राहोत एवढंच मागते.

तुझी,
आई


झिंडेलफिंगेन,
९ मार्च २०२५

तीर्थरूप आईंना,
वीणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी संध्याकाळी आलं. हृषिकेश नुकताच घरी आला होता, कोटही काढला नव्हता. दारातच उभं राहून त्याने ते वाचलं आणि चपलांच्या कपाटावर बसला. मला वाटलं तुमचंच काही वाईट आहे. त्याने पत्र माझ्या हातात दिलं आणि तसाच बस पकडून परत ऑफिसला गेला.

आई, पाकीट बंद होतं.

कळवायची मुदत फेब्रुवारीअखेरची होती. तुमचं पत्र चार-पाच दिवस उशिरा पोचलं. तुम्ही कुंदाताईंकडून फोन करवला असता तर, असं माझ्या मनात आलं, ते खोटं लिहीत नाही. पण तुम्हाला मुदतीचं कोणी सांगितलंच नव्हतं. आणि जो रोज त्या पाकिटासमोरून कॉफी घेऊन जात होता, त्यालाच जिथे दिसलं नाही, तिथे तुम्हाला काय बोल लावू? ऑफिसातून ब्रांडलना आठवणीची मेलही गेली होती. ती त्यांना हृषिकेशच्या गमतीचा पुढचा भाग वाटली. घरी बायकोलाही त्यांनी सगळं रंगवून सांगितलं होतं, आमचा शेफ, म्हणजे साहेब, कसा अवली आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी हृषिकेशने त्यांना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. ते हसत राहिले. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा पाकीट फोडून कागद त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो वाचला आणि मग मान वर करून याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिले. हृषिकेश म्हणतो, तो वाट बघत होता गं, आता पुढे गंमत येईल म्हणून. हे मला सांगताना तो माझ्यासमोर रडला. लग्नानंतर पहिल्यांदा.

तो डॉ. वेंटना भेटला, कामगारांच्या प्रतिनिधींना भेटला, चूक आपली आहे असं लिहून दिलं. अजून धडपड चालू आहे. एर्लांगेनची ती जागा बहुतेक दुसऱ्या कुणाला देऊन झाली आहे.

हिल्डेआत्याचं पत्रक त्या दिवसापासून बंद आहे. घरीही तसंच. ईप्सिताने काल विचारलं, पापा माख्त काइने विट्से मेअर? पापा आता गमती करत नाही का, म्हणून. मी म्हटलं, थकला आहे. ती म्हणाली, हो, पण आधीही घरी नव्हताच करत. मुलांना सगळं कळतं.

तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. औषधं वेळेवर घ्या. तुमचा आधार आहे म्हणून हे सगळं लिहू शकते, तो असाच लाभो.

तुमची,
वीणा


झिंडेलफिंगेन,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
हृषिकेशचा सा. न. वि. वि.

बरेच महिने मी लिहिलं नाही, तू मात्र लिहीत राहिलीस. लिहावं असं काही नव्हतं.

ब्रांडलचं काही होऊ शकलं नाही. मुदत म्हणजे मुदत. डॉ. वेंट मला म्हणाले की तुझ्या विनोदाबद्दल कंपनीने कधी तक्रार केली नाही, तेव्हा तूही आता करू नकोस. ते हसले आणि मीही हसलो, आई. तुझी आठवण झाली. साहेब हसला की हसावंच लागतं.

लोकांना सांगायचं काम मी सोडलं. गट अजून माझ्याकडेच आहे. कामापुरतं बोलतो, खरं तेवढंच बोलतो. यंदाच्या पाहणीत आमचा गट जवळजवळ शेवटून पहिला आला. कुणीतरी लिहिलं होतं की पूर्वी आमचा शेफ माणूस होता. फ्राऊ त्सोलरचं रविवारचं पोट पुन्हा दुखायला लागलं आहे. त्यांनी एक दिवस माझ्या टेबलावर कोरा कागद आणि पेन आणून ठेवलं आणि निघून गेल्या. पत्रक लिहा, असं त्यांना म्हणायचं होतं. मी बराच वेळ पेन हातात घेऊन बसलो. आत्याची तब्येत मला काही सुचली नाही. माझ्या गमतींनी त्यांचे दिवस बरे जात होते, हे खोटं नव्हतं गं. तेही खरं होतं आणि ब्रांडलचंही खरं आहे. दोन्ही मीच केलं.

शुक्रवारी ब्रांडलचा शेवटचा दिवस होता. इथे जाणारा माणूसच सगळ्यांना केक खाऊ घालतो. त्याच्या बायकोने सफरचंदाचा केक केला होता. सगळे हिल्डेभोवती जमले. मला दोन शब्द बोलायचे होते. मी आदल्या दिवशी तुझं कारखानीस साहेबांचं पत्र पुन्हा वाचलं होतं. ठरवलं होतं की कोरडं बोलायचं, सरळ बोलायचं, कुणाला शंका राहता कामा नये. मी म्हणालो की उवे आज जातो आहे तो कंपनीमुळे नाही, माझ्यामुळे जातो आहे. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी त्याला गंमत म्हणून सांगितली. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो.

मग मागून कुणीतरी फिसकलं आणि सगळे हसले. अगदी मनापासून, किती महिन्यांनी. फ्राऊ त्सोलर हसून डोळे पुसत होत्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं की आमचा जुना शेफ परत आला. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तर ते अजून हसले.

एकटा ब्रांडल हसला नाही. माझ्या प्रत्येक विनोदाला पहिला हसणारा माणूस मान खाली घालून केक कापत राहिला, आणि पहिला तुकडा त्याने माझ्या बशीत ठेवला.

आई, खरं बोललेलं लोकांना खरं वाटावं, यासाठी कसं बोलायचं असतं? तुला माहीत असेल तर लिहून कळव. वाट बघतो. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तेही सरळच लिही, मी ते खरं मानीन.

तुझा,
हृषी